विश्लेषण : जुनी पद्मिनी सुरू होत नाही, दोष विजेत, पेट्रोलमध्ये की इंजिनात?

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरची मारुती ८०० दसऱ्याला बाहेर काढायची म्हटली, की रोहा-पेण भागातल्या अनेक घरांत तोच प्रश्न पडतो : गाडी सुरू का होत नाही? बहुतेक वेळा उत्तर काही रुपयांच्या सुट्या भागात दडलेले असते. पण तपासणीचा क्रम चुकला की कार्बोरेटर बदलला जातो, मग कॉइल, मग बॅटरी, आणि शेवटी ‘इंजिनकाम काढावे लागेल’ असे ऐकून गाडी भंगारात जाते. पेट्रोलमधले इथेनॉल आणि नोंदणी नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क यांमुळे ही चूक आता अधिक महागात पडते. दोष शोधण्याचा क्रम काय असावा, याविषयी…

जुन्या गाड्यांचा प्रश्न आत्ताच का?

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली. हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेली आणि विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईतील काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून बाद झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले.

टॅक्सी गेल्या, तसे या गाडीवर रोज हात चालवणारे मेकॅनिकही कमी झाले. खासगी पद्मिनी मात्र कोकणात अजून आहेत. कुणाच्या वडिलांनी घेतलेली पहिली गाडी म्हणून, तर कुणाची हौस म्हणून. नव्या गाडीला संगणक जोडला की दोषाचा सांकेतिक क्रमांक पडद्यावर येतो. पद्मिनीला ती सोय नाही. तिचा दोष डोळ्यांनी, कानांनी आणि नाकानेच शोधावा लागतो. म्हणूनच मालकाला तपासणीचा क्रम ठाऊक असणे गरजेचे ठरते.

इंजिन चालायला नेमके काय लागते?

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवरचे. ते चालायला चार गोष्टी लागतात : इंजिन फिरवण्यापुरती बॅटरीची ताकद, योग्य क्षणी पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवेचे मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारा सिलिंडर. सुरू झालेले इंजिन चालू राहायला पाचवी गोष्ट लागते, ती म्हणजे थंडावा. इंजिनाचा बहुतेक कोणताही बिघाड या पाचांपैकी एकात बसतो.

तपासणीही याच क्रमाने करावी. कारण सोपे आहे. बॅटरी आणि ठिणगी तपासायला दहा मिनिटे लागतात आणि काही खोलावे लागत नाही. पेट्रोलचा मार्ग तपासायला अर्धा तास. इंजिनातला दाब तपासायला उपकरण लागते, आणि इंजिन उघडायला बराच पैसा. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, कॉइल आणि कार्बोरेटर एकाच दिवशी बदलले आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता ते कळत नाही. आणि तो पुन्हा उद्भवला की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

सेल्फ फिरतच नसेल तर?

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येतो किंवा सेल्फ रडत रडत फिरतो, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर जातो आणि तो बऱ्याचदा खरा असतो. हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे एकदम मिणमिणते झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोडणी कच्ची आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर सोलेनॉइड, सेल्फ किंवा त्याची वायर तपासावी.

नवी बॅटरी आणण्यापूर्वी दोन जागा पाहाव्यात. पहिली, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर. आधी वायर काढून, गरम पाणी ओतून, ब्रशने घासून, कोरडे करून टर्मिनल पुन्हा घट्ट बसवले तरी अनेकदा काम होते. दुसरी, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा सगळा प्रवाह या पट्टीतूनच परत यावा लागतो. पेणच्या खारेपाटात आणि कुंडलिकेच्या खाडीकाठच्या गावांत खारट दमट हवेने ही पट्टी आतून सडते आणि वरून मात्र शाबूत दिसते. तिची परीक्षा सोपी आहे. जंपर केबलने बॅटरीचे ऋण टर्मिनल थेट इंजिनाच्या धातूला जोडावे आणि सेल्फ मारावा. आता इंजिन झपाट्याने फिरले, तर दोष बॅटरीचा नसून त्या पट्टीचा आहे.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही; ठिणगी कशी तपासायची?

एक प्लग काढून तो त्याच्या जाड वायरला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. प्लग धरायला रबरी मूठ असलेली पक्कड वापरावी, आणि तो प्लगच्या उघड्या भोकापासून लांब ठेवावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. कुठेही पेट्रोल गळत असेल तर ही चाचणी करू नये. ‘टचटच’ आवाजासह जाड निळी ठिणगी दिसली तर वीज ठीक आहे. ठिणगी पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी असेल, अथवा पडतच नसेल, तर पुढे शोध घ्यावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर पहिला संशयित डिस्ट्रिब्युटरची कॅप. रायगड जिल्ह्यात चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या दिवसांत कॅपच्या आत दव धरते आणि वीज प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून पसार होते. कॅप काढून आतून कोरड्या कापडाने पुसावी, केसाएवढी चीर किंवा काळी रेघ दिसते का ते पाहावे. रेघ दिसली तर कॅप बदलावी, ती पुसून उपयोग नाही. प्लगच्या वायर काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक लिहावेत. पद्मिनीत ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते. दोन वायरची अदलाबदल झाली तर धडधाकट इंजिनही कार्बोरेटरमधून फटाके फोडते.

कॅप ठीक असेल तर सीबी पॉइंट पाहावेत. चार महिने उभ्या गाडीत त्यांवर गंजाचा पातळ थर चढतो आणि प्रवाह तुटतो. बारीक पॉलिश पेपरने ते साफ करून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची फीलर गेज पट्टी घालून फट बसवावी. पॉइंट वारंवार जळून काळे-निळे पडत असतील, तर दोष त्यांचा नसून कंडेन्सरचा असतो. या सगळ्या साखळीतला हा अगदी स्वस्त भाग. पण तो वगळून कॉइल आणि कार्बोरेटर बदलल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये सर्रास दिसतात. जुना पण चालू असलेला एक कंडेन्सर डिकीत ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

पेट्रोल पोहोचते की नाही, हे कसे कळते?

ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळावे. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा एकदा दाबावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार उडाली नाही, तर बहुधा वाटी कोरडी आहे आणि दोष मागे, म्हणजे टाकी, पाइप, फिल्टर किंवा पंपात आहे.

टाकीच्या झाकणापासून सुरुवात करावी. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. गाडी पाच-दहा किलोमीटर धावून थांबते, झाकण उघडताच ‘सुस्स’ असा आवाज येतो आणि गाडी पुन्हा सुरू होते, ही त्याची खूण. नंतर पारदर्शक फिल्टर पाहावा. त्यात तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजली आहे. अशा वेळी कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी आठवड्यात जेट पुन्हा बुजणार. आधी टाकी साफ करायला हवी.

पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला असून तो डायफ्रामवर चालतो. हा डायफ्राम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. डिप-स्टिक काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर इंजिन सुरू करू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते, आणि मग खरोखरच इंजिनकाम निघते.

लक्षणेही पुष्कळ सांगतात. गाडी वेगात नीट धावते, पण सिग्नलला बंद पडते, तर कार्बोरेटरचा स्लो जेट बुजलेला असण्याची शक्यता मोठी. वेग घेताना अडखळते, तर मेन जेट, फिल्टर किंवा पंप पाहावा. पेट्रोलचा उग्र वास येतो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, तर नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. हा ओव्हरफ्लो गरम इंजिनावर झाला तर आग लागू शकते. तेव्हा दुसरी कोणतीही तपासणी करण्याआधी तो थांबवावा.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर सुरू, असे का?

जुन्या गाड्यांची ही सर्वांत फसवी तक्रार. रोह्याहून निघालेली गाडी भिसे खिंड चढते, नागोठण्यापुढे महामार्गावर येते आणि वडखळच्या अलीकडे बंद पडते. अर्धा तास थांबले की काही न करता सुरू होते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते, त्यामुळे मेकॅनिकला दोष दिसत नाही आणि अंदाजाने भाग बदलले जातात.

संशयित मुख्यतः दोन. एक, कॉइल किंवा कंडेन्सर : उष्णतेने आतले आवरण निकामी होऊन ठिणगी मरते. दोन, वाफ धरणे : इंजिनाच्या धगीने पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफच दाबत बसतो. दोन्हींची लक्षणे सारखी, उपाय मात्र वेगळे.

त्यांतला फरक गाडी बंद पडली त्याच मिनिटाला कळतो, नंतर नाही. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून, पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करून, प्लगची ठिणगी तेव्हाच पाहावी. ठिणगी नसेल तर कॉइल-कंडेन्सर. ठिणगी असेल आणि कार्बोरेटरमध्ये धार उडत नसेल तर वाफ. पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुन्या चालकांचा उपाय वाफेच्या बाबतीत खरोखर लागू पडतो, आणि फडके ठेवल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर निदानही पक्के होते. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळीपासून दूर नेणे आणि इंजिनाचे तापमान ताब्यात ठेवणे.

इथेनॉलमुळे नेमके काय बदलले?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५ वर आणले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालेले हे मिश्रण २०२५ मध्ये देशभर नेहमीचे इंधन बनले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला याच इंधनाशी जुळवून घ्यावे लागेल.

कार्बोरेटरच्या गाडीला यातून तीन अडचणी येतात. पहिली मिश्रणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. नव्या गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सरवरून इंधन वाढवून घेतो. पद्मिनीच्या जेटचे भोक मात्र आहे तेवढेच राहते. परिणामी मिश्रण पातळ होते, गाडी रेस घेताना खोकते, पिक-अप कमी वाटतो. एअर-फ्यूल स्क्रू फिरवून फक्त आयडलिंग सुधारते. धावत्या गाडीसाठी जाणकाराकडून मेन जेट किंचित मोठा करून घ्यावा लागतो. मायलेजही घटते. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्के असू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते.

दुसरी अडचण रबराची. जुन्या पद्धतीचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कॉर्कची पॅकिंग इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थरही सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. त्यामुळे सर्व पाइप आणि डायफ्राम इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचे बसवून घेणे हा यंदाचा सर्वांत गरजेचा खर्च. गळका पाइप हा केवळ बिघाड नसून आगीचा धोका आहे.

तिसरी अडचण कोकणात अधिक जाणवते. इथेनॉल पाणी ओढून घेते. अर्धवट भरलेल्या टाकीत पावसाळी हवा आत-बाहेर होत राहते आणि ओलावा साचतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पंप नेमका तळाचाच द्रव खेचतो. शंका असेल तर टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वरून नवे पेट्रोल भरून भागत नाही.

खिंडीत किंवा कोंडीत गाडी तापली तर?

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरची अनेक वर्षे या रस्त्याने कोंडीच पाहिली. गणपतीच्या दिवसांत वडखळ, कोलाड, माणगाव या पट्ट्यात गाड्या तासन्‌तास रांगत असतात. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या वेगावर चालतो. गाडी रांगत असताना पंखाही मंद फिरतो आणि काटा वर चढतो. मारुती ८०० चा पंखा विजेवर चालतो. ती कोंडीत तापत असेल तर आधी पंख्याचा फ्यूज आणि थर्मो स्विच पाहावा.

लक्षणावरून जागा ओळखता येते. फक्त कोंडीत तापते, तर पंखा आणि त्याचा पट्टा. सुकेळी किंवा कर्नाळा खिंड चढतानाच तापते, तर बहुधा रेडिएटर आतून चोंदलेला असतो. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट अडकलेला असू शकतो. पाणी वरचेवर कमी होते आणि जमिनीवर डाग मात्र दिसत नाही, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. त्याच्या जोडीला ऑइलला दुधाळ चहाचा रंग आला असेल तर शंकेला जागा उरत नाही. खारेपाटातल्या विहिरी-बोअरचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालणे टाळावे. त्यातले क्षार नळ्यांत साचतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच वापरावे.

काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच वाफेसह तोंडावर उसळते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

धूर आणि पीयूसीची चिठ्ठी काय सांगतात?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त : चोक अडकला आहे, एअर क्लीनर चोंदला आहे किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गाडी सुरू करताना एकदाच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, चढावर सतत येत राहिला तर पिस्टन रिंग. गरम झालेल्या इंजिनातून दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी जळते आहे. थंड सकाळी पहिल्या दोन मिनिटांचा पांढरा धूर मात्र केवळ वाफ असते.

पीयूसीची चिठ्ठी बहुतेक जण गाडीच्या कप्प्यात ठेवून विसरतात. ती निदानाचे साधनही आहे. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रण दाट आहे, म्हणजे कार्बोरेटर पाहावा. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन खूप जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. म्हणजे एखादा सिलिंडर मिसिंग मारतो आहे, तेव्हा प्लग, वायर आणि व्हॉल्व्ह पाहावेत. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या जपून ठेवल्या तर इंजिन कोणत्या दिशेने बिघडत चालले आहे, हेही कळते.

इंजिनकाम खरोखर केव्हा लागते?

वीज आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही गाडी ओढत नसेल, तेव्हाच. त्यातही आधी टॅपेट मोजावेत. फट फार कमी असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. मग कॉम्प्रेशन टेस्ट करावी. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची जोडणी तोडलेली आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाहून खाली गेला तर दोष आहे.

आता त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधले गॅस्केट गेलेले असण्याची शक्यता जास्त. गॅस्केट किंवा व्हॉल्व्हसाठी फक्त हेड काढावे लागते, पूर्ण इंजिन नाही. खर्चात मोठा फरक पडतो. म्हणून हे चार आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय ‘इंजिन बांधायला’ होकार देऊ नये.

गाडी ठेवायची की मोडीत काढायची?

रोह्यातल्या ‘एमएच ०६’ गाडीचे नोंदणी नूतनीकरण पेणच्या परिवहन कार्यालयात होते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. सगळ्या पद्मिनी आणि कार्बोरेटरच्या सगळ्या मारुती ८०० आता याच गटात येतात. ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, आणि पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. बाजारहाटासाठी गाडी वापरणाऱ्यांनी तो मार्ग विचारपूर्वक निवडावा.

निर्णय इंजिनावर घेऊ नये, कारण इंजिन दुरुस्त होते. पद्मिनीला वेगळी चौकट नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. कोकणच्या हवेत खरी हानी तिथे होते. फूटमॅट उचलून जमीन, दारांखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जोडलेल्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. तिथला पत्रा भुसभुशीत लागला आणि पॅचने भागणार नसेल, तर उत्तम इंजिन असूनही गाडी सुरक्षित नाही आणि तिच्यावर पैसा घालणे व्यर्थ. पत्रा खणखणीत असेल, तर बंद पडलेले इंजिन हे गाडी विकण्याचे कारण नव्हे.

ठेवायची ठरवल्यास पावसाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा ती अर्धा तास चालवावी. नुसती उभ्या उभ्या सुरू करून बंद करू नये, त्याने ऑइलमधला ओलावा उडत नाही. ताडपत्री थेट बॉडीवर न टाकता हवा खेळती राहील अशी वर बांधावी. डिकीत एक कंडेन्सर, पॉइंटचा संच, पंख्याचा पट्टा, प्लग-पाना, जंपर केबल आणि लहान अग्निशामक ठेवावा. आणि एक वही ठेवावी : कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणते लक्षण दिसले आणि काय बदलले. पुढचा मेकॅनिक तरुण असेल, त्याने पद्मिनी क्वचितच उघडलेली असेल. त्याला सुरुवात कुठून करायची हे त्या वहीतूनच कळेल.